लेण्यांच्या भिंतींवरील दस्तऐवज
(वर्षावासानिमित्त विहारात दिलेले व्याख्यान)



१९३४ साली परमपूज्य बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. बरोबर सुमारे तीस मंडळी होती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सर्वांचे चेहरे माखले होते, म्हणून किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या तळ्यावर त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून गहजब उडाला. अस्पृश्यांनी तळे बाटविले असा ओरडा करीत तेथील मुसलमान रहिवासी धावून आले. अखेरीस किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही. ती अट पाळली जाते की नाही हे पाहावयास एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला हा पुरुष प्राचीन वास्तू पाहावयास गेला, आणि त्याच्या हातावर नजर ठेवावयास बंदूकधारी शिपाई! जातीच्या रोगाने धर्माची वेस कधीच ओळखली नाही, हेच त्यातून दिसते.

आज तो शिपाई आपल्याबरोबर येत नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदाने शासनाच्या पैशावर चालणारी तळी, विहिरी, रस्ते आणि सार्वजनिक स्थळे सर्व नागरिकांना सारखी खुली केली. पुढे १९५८ साली प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्रीय अधिनियम झाला. त्याच्या १८ व्या कलमाने, नियमांना अधीन राहून, प्रत्येक संरक्षित स्मारकात प्रवेश करण्याचा हक्क जनतेला दिला आहे. लेण्याच्या दाराशी आपण उभे राहतो ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

परंतु हा हक्क वापरावयाचा कशासाठी? सहल, फराळ आणि छायाचित्रे एवढ्यासाठीच जावयाचे असेल तर कोणतीही टेकडी पुरेशी आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील जुने देव्हारे निघाले, सणवार बदलले, आणि शेजारी आता विचारू लागले आहेत, ‘हे नवे काय काढले?’ शाळेतून आलेले पोर विचारते, ‘आपले देऊळ कोठे आहे?’ अशा घराला उत्तर हवे असते, आणि ते आवेशाचे नव्हे तर आधाराचे हवे असते. मी व्यवसायाने वकील. कोणी हक्क सांगितला की आम्ही प्रथम विचारतो, कागद दाखवा. लेण्यांचे कागद दगडावर कोरलेले आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आणि विद्वानांनी ते वाचून प्रसिद्ध करून ठेवले आहेत.

येत्या पौर्णिमेला आपल्या वस्तीतील काही कुटुंबे नाशिकला जाणार आहेत, म्हणून तेथलाच कागद आधी उघडतो. त्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तेथे काही संबंध नाही. शिलालेखात त्या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे. तेथील चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एक लेख मला कायद्याच्या अभ्यासक्रमात कोणी शिकविला असता तर फार बरे झाले असते. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. पण नुसते लेणे देऊन संघाचे कसे चालणार? त्याने तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक कार्षापण व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी स्पष्ट अट आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. आता हिशेब करून पाहा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीसच. एका कार्षापणाचीही चूक नाही. त्यावर कडी म्हणजे, हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला, असे लेखच सांगतो. आपण आज ज्याला विश्वस्तनिधी आणि नोंदणी म्हणतो, त्यातले काय येथे उणे आहे? आणि मुख्य गोष्ट अशी की, राजाच्या जावयाने संघाचा पैसा विश्वासाने ठेवला तो विणकरांकडे, मागावर हात चालविणाऱ्या माणसांकडे.

हा झाला श्रीमंताचा दस्तऐवज. माझ्या मनात घर करून राहिलेला लेख मात्र दुसराच आहे, आणि तो अवघ्या एका वाक्याचा आहे. आठव्या लेण्यातील हा लेख म्हणतो की, हे लेणे मुगुदास नावाच्या मासे धरणाऱ्याचे, त्याच्या परिवारासह दिलेले धर्मदान आहे. राजाचे नाव नाही, बिरुद नाही, विजयाचे वर्णन नाही. एक माणूस, त्याचा धंदा आणि त्याचे कुटुंब. ज्या समाजाने पुढे माणसाचा धंदा हाच त्याचा कलंक ठरविला, त्याच भूमीवर एका मासेमाराने आपला धंदा नावापुढे कोरवून घेतला, आणि संघाने ते दान स्वीकारले.

अशी नावे एकट्या नाशिकला नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा दरवाजा घडविणारा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा, याचे नाव तेथे कोरलेले आहे. ते चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पुरे केले. तेथील खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या वा त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परकीयांची, दाने नोंदलेली आहेत. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी खोदवून दिली. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिली, आणि तेथील एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची व कासारांची श्रेणी यांच्याकडील ठेवींचा उल्लेख आहे. बुरुडकाम करणाऱ्या घरातून आलेल्या माझ्या श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. त्या पोढ्यांशी तर आपण थोडा वेळ थांबलेच पाहिजे. कातळात खोदलेले ते थंड पाणी पाहताना महाडचे चवदार तळे आणि १९२७ सालचा मार्च महिना आठवणार नाही असा बौद्ध मला भेटावयाचा आहे. महाड गावाजवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे वकील म्हणून एक इशारा देतो. दस्तऐवजात आहे त्याहून अधिक मागू नका. मुगुदास किंवा सामि हे आपले रक्ताचे पूर्वज होते असे कोणताही लेख सांगत नाही, आणि व्यासपीठावरून कोणी तसे ठोकून दिले तर टाळ्या वाजवू नका. तसेच ज्या उषवदाताचे दान आपण गौरवितो, त्याच्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या तीन लक्ष गायींची नोंद आहे. तीही लपवू नका. अर्धा कागद दाखविणाऱ्या पक्षकाराचा उरलेला अर्धा कागद विरुद्ध पक्ष दाखवितो. आपला वारसा वंशाचा नाही, धम्माचा आहे. यवन त्रिसरण घेऊन कार्ल्याच्या खांबावर आपले नाव कोरवून घेऊ शकला, तर काल दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला त्याच खांबाजवळ उभे राहावयास वंशावळ कशाला हवी?

काही ठिकाणी आपणांस अडचणीचे दृश्य दिसेल. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात आज गणपती आहे; कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे मंदिर आहे. तेथे श्रद्धेने येणाऱ्या कोळी बांधवांशी व इतर भाविकांशी आपले भांडण नाही, आणि भांडण करून काही मिळावयाचेही नाही. मुलांना शिलालेख दाखवावा आणि पुढे जावे. परंतु कोणी लेख खरवडत असेल, भिंतीवर रंग फासत असेल, लेण्यालगत बांधकाम काढीत असेल, तर मुकाट बसू नका. स्मारकाचा नाश वा विद्रूपीकरण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. २०१० च्या दुरुस्तीने त्या वाढविण्यात आल्या. त्याच दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध केले आहे. तक्रार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी करावी. तारीख, लेण्याचा क्रमांक, छायाचित्र आणि सह्या तीत असाव्यात. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. हमरीतुमरीवर येऊ नये; तसे केले की तक्रारदाराचा आरोपी व्हावयास वेळ लागत नाही.

हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. ‘जयभीम’ हा शब्द कितीही प्रिय असो, तो लेण्याच्या भिंतीवर लिहिणे हा गुन्हाच आहे. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरविण्याची खोड काहींना असते, तीही नको. मेणबत्त्या आणि उदबत्त्या विहारात लावाव्यात, लेण्यात नव्हे. धुराने दगड काळवंडतो. त्रिसरण-पंचशील शांतपणे म्हणण्यास काहीच लागत नाही. ध्वनिक्षेपक लावून सभा घ्यावयाची असेल तर मात्र आधी लेखी परवानगी लागते. ती वेळेवर मागावी.

नाशिकला जाणाऱ्यांनी एवढे करावे: प्रत्येक मुलाजवळ वही-पेन्सिल द्यावी, आणि आठव्या लेण्यातील मुगुदासाचा लेख त्याच्याकडून ब्राह्मीत उतरवून घ्यावा. अक्षरे थोडीच आहेत. ज्यांना वर्णमाला शिकावयाची असेल त्यांनी शनिवारी सायंकाळी विहारात यावे, तक्ता मी आणीन. प्रवेशाचे तिकीट मोठ्यांना आहे, पंधरा वर्षांखालील मुलांना नाही. डोंगर पायऱ्यांचा आहे, म्हणून वृद्ध मंडळींना ऊन चढण्यापूर्वीच वर जाऊ द्यावे.