व्हिएन्नाचा नाताळ आणि पाच हौदाचं ताट

नाताळात व्हिएन्ना पाहावं असं आमच्या मुलीनं फार मनावर घेतलं होतं. नोकरीच्या निमित्तानं ती तिथं राहते. २०१८च्या डिसेंबरात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. थंडीची माझी कल्पना म्हणजे पहाटे पर्वतीवर जाताना घालायची कानटोपी. तिथं गेल्यावर ती कल्पना पहिल्याच दिवशी गोठली.

शहर मात्र देखणं. जुना तट बादशहा फ्रान्झ जोसेफच्या १८५७ सालच्या हुकमानं पाडला आणि त्या जागी रुंद गोल रस्ता केला. त्यावरून फिरताना ऑपेरा, संग्रहालयं, संसद, नगरपालिका अशा इमारती एकापाठोपाठ समोर येतात. नगरपालिकेसमोरच्या पटांगणात नाताळचा बाजार भरतो. लाकडी टपऱ्या, भाजलेल्या चेस्टनटचा वास, मसाला घालून गरम केलेली वाइन आणि कपाला धरून शेकलेले हात. आपली तुळशीबाग दिवाळीत जशी दिसते तशीच, फक्त कोणी कोणाला धक्का मारत नाही. जुन्या गल्ल्यांतून घोडागाड्या जातात. घोड्यांच्या पाठीवर ब्लँकेटं पाहून मला लहानपणीचे पुण्याचे टांगे आठवले. त्या घोड्यांच्या नशिबी गोणपाट असायचं.

सेंट स्टीफन चर्चमध्ये पुमरिन नावाची अवाढव्य घंटा आहे. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. ते पळाले तेव्हा मागे राहिलेल्या तोफा वितळवून १७११ साली ती ओतली. १९४५च्या आगीत ती कोसळून फुटली आणि १९५१ साली पुन्हा ओतली गेली. आताचं वजन सुमारे वीस टन. हे ऐकताना मला वाईजवळचं मेणवली आठवलं. तिथं नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ, घाटावर १७०७ साल कोरलेली एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा अशा कितीतरी घंटा इकडे आल्या आणि देवळांत वाजू लागल्या. तिकडे तोफांची घंटा झाली, इकडे एका देवाची घंटा दुसऱ्याकडे गेली. धातू बिचारा कुठंही वाजतो.

पण मला सांगायचं आहे ते निराळंच. चोवीस तारखेला दुपारनंतर व्हिएन्नातली दुकानं बंद होतात आणि रस्ते सुने पडतात. ज्याचं त्याचं घर. आम्हीही घरात बसलो होतो. संध्याकाळी दारावर टकटक झाली. शेजारच्या आजीबाई रुमाल टाकलेली एक बशी घेऊन उभ्या होत्या. बशीत चंद्रकोरीच्या आकाराची, पिठीसाखरेत घोळलेली, बदामाच्या पिठाची बिस्किटं. दिसायला थेट छोट्या करंज्या! आमच्या हिनं हौसेनं एक तोंडात टाकलं. मी बशी हातात धरून नुसता उभा राहिलो.

पन्नासएक वर्षांपूर्वी अगदी अशीच एक बशी, बशी कसली, पितळी ताट, आमच्या घरी येत असे. आम्ही रविवार पेठेत राहायचो. शाळेतला माझा जवळचा मित्र गुरुवार पेठेत, पाच हौद चर्चच्या आवारापाशी राहायचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब. नाताळात त्यांच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळी होत. दाराला चांदणीचा कंदील लागे आणि पेटीवर मराठी गाणी चालत. त्याची आई विणलेला रुमाल घालून ताट पाठवायची. आमची आजी दारात हसून ते घ्यायची आणि म्हणायची, "कशाला एवढा त्रास घेतला हो?" मग ते सगळं मागच्या दारानं भांडेवाल्या बाईच्या पदरात जायचं. ताट घासून, त्यात चिमूटभर साखर घालून परत. रिकामं ताट देऊ नये ना!

आजीला मी दुष्ट म्हणणार नाही. ती ज्या पुण्यात वाढली तिथं याच पाच हौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झालं होतं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. काहींनी म्हणे पेल्याला नुसता हात लावला होता. एका पेल्याची गोष्ट आमच्या घरात सत्तर-पंचाहत्तर वर्षं मुरली होती.

सातवीत असताना मित्रानं मला विचारलं, "करंज्या कशा झाल्या होत्या?" मी म्हणालो, "फार छान. खुसखुशीत." तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "या वर्षी आईनं करंज्या केल्याच नव्हत्या."

पुढच्या वर्षी ताट आलं नाही. मैत्री मोडली नाही, पण एकमेकांच्या घरी जाणं थांबलं. मग कॉलेजं वेगळी, नोकऱ्या वेगळ्या. लग्नाच्या पत्रिका टपालानं गेल्या.

व्हिएन्नाहून परतल्यावर पुढच्या नाताळात, २५ डिसेंबरला दुपारी मी घराबाहेर पडलो. तडक जायचा धीर होत नव्हता म्हणून आधी लष्करात गेलो. ईस्ट स्ट्रीटवर कयानीसमोर रांगेत उभा राहिलो. पुणेकर रांगेत उभा राहून वाद घालत नाही अशी बहुधा ही एकच जागा. केक घेतला आणि चालत निघालो. लाल देवळावरून गेलो. १८६७ सालचा डेव्हिड ससूनचा तो विटांचा मनोरा पाहून परगावचे लोक चर्च समजतात, आहे ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ. क्वार्टर गेटाजवळच्या सिटी चर्चच्या दारात नटूनथटून आलेल्या मंडळींची गर्दी होती. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या चर्चसाठी सवाई माधवरावांनी १७९२ साली ही जागा दिली. आमच्या आजीला हे कोणी सांगितलं असतं तर? काही फरक पडला नसता, असं मला वाटतं. पेशव्यांनी जमीन दिली, करंजी थोडीच खाल्ली!

नाना पेठेतून रिक्षा, हातगाड्या चुकवत गुरुवार पेठेत शिरलो. पाच हौदाचा उंच मनोरा लांबूनच दिसला. घर तेच होतं, दाराला कंदीलही होता. मित्रानंच दार उघडलं. केस पांढरे, पण बघायची तऱ्हा सातवीतलीच. आई जाऊन बारा वर्षं झाली होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, डोक्यावर पदर घेतलेला. कोणालाही आमच्या नात्यातल्या वाटल्या असत्या.

मी केकचा डबा पुढं केला आणि जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बोलायला लागलो. आजी, ताट, मागचं दार. त्यानं मधेच थांबवलं. "अरे, आईला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुमच्याकडची भांडेवाली आमच्याच गल्लीत राहायची. ती येऊन सांगायची, छान झालं होतं म्हणून."

"मग पाठवत का राहिल्या?"

"ती म्हणायची, सण आहे, पाठवायचं. मी तुला विचारलं, तू खोटं बोललास आणि मी घरी येऊन ते सांगितलं. मग तिनं बंद केलं. तुला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून."

मी काही बोललो नाही. वहिनींनी ताटली आणून ठेवली. करंजी, चकली, एक केकचा तुकडा. मी करंजी घेतली. तो समोर बसून माझ्याकडे बघत होता.

"कशी झालीय?"

"सारणात साखर जरा जास्त झालीय," मी म्हणालो.

"ऐकलंस का गं!" तो आतल्या खोलीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "मी सकाळपासून तेच सांगतोय!"