शिखराची उंची आणि मोजणाऱ्यांची नावे

(सिंगापूर येथील बैठकीत केलेले छोटे भाषण)



सिंगापूरचा सर्वांत उंच डोंगर बुकित तिमा, उंची सुमारे १६४ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दहापट! हे आकडे आपण सहज सांगतो. पण डोंगर मोजतात कसा आणि मोजतो कोण?

विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासला भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली. एक बाजू साखळीने मोजायची, मग नुसते कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे. असे उत्तरेकडे सरकताना १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. काम मात्र हिमालयापर्यंत गेले. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. म्हणून 'शिखर क्रमांक १५' दीडशेहून अधिक किलोमीटरवरून, तराईतून न्याहाळले गेले. एवढ्या अंतरात हवेमुळे प्रकाशकिरण वाकतो, शिवाय पृथ्वी गोल. दोन्हींचा हिशेब करून १८५६ मध्ये उंची जाहीर झाली: २९,००२ फूट. २०२० मध्ये जाहीर झालेल्या आकड्याहून ती जेमतेम ३० फुटांनी कमी आहे.

त्या काळी या खात्याचे मुख्य गणक होते राधानाथ सिकदार. शिखराला नाव मिळाले १८४३ मध्येच निवृत्त झालेल्या एव्हरेस्टचे. खात्याच्या १८५१ च्या पुस्तिकेत सिकदारांच्या गणिताचा कृतज्ञतेने उल्लेख होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७५ च्या आवृत्तीत, तो गाळला गेला.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सर्वेक्षणाच्या मजुरांना एका गोऱ्या मॅजिस्ट्रेटने राबवले, तेव्हा सिकदारांनी उघड विरोध केला. १८४३ मध्ये त्यांना २०० रुपये दंड झाला. सामान वाहणारे, जंगल तोडून वाट करणारे ते मजूर नकाशात कुठेच नाहीत. पण निदान एक माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला.

आता माझे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका शोधनिबंधात, महिनोन्‌महिने नमुने मोजणाऱ्या तंत्रज्ञ बाईंचे नाव नव्हते. यादी मीच केली होती. "पद्धत अशीच आहे," असे मी स्वतःला समजावले. १८७५ ची ती आवृत्ती काढणाऱ्यानेही कदाचित असेच म्हटले असेल. पुढच्या निबंधात त्यांचे नाव घातले. त्या फक्त म्हणाल्या, "स्पेलिंग बरोबर आहे ना, तेवढे बघा."

आपण सारेच इथे कुणाच्या ना कुणाच्या मोजमापावर उभे आहोत. सोमवारी कामावर गेल्यावर आपापली यादी एकदा तपासून पाहू या.