शंभरातल्या दोघी
(संपादित नभोवाणी भाषण)

मंडळी, आमच्या मिरजोळ्यात शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, "सर, आमच्या पाच वर्षांच्या मुलीची उंची अंगणवाडीत ९९ सेंटिमीटर भरली. रेघेच्या खाली आहे म्हणाल्या बाई. कुपोषित म्हणायची का हो?" मी संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न निम्मा माझ्याच विषयातला होता.

पाच वर्षांच्या पुष्कळ निरोगी मुलींची उंची मोजून आलेख काढला, तर तो घंटेसारखा दिसतो. मध्ये गर्दी, कडांना तुरळक. मध्य येतो १०९.४ सेंटिमीटरवर. उंची मध्याच्या आजूबाजूला किती पसरली आहे, हे सांगणारं 'प्रमाण विचलन' साधारण पावणेपाच सेंटिमीटर. अशी दोन विचलनं खाली उतरलं की ९९.९ येतात. हीच ती रेघ. ती निसर्गानं आखलेली नाही, माणसांनी ठरवली आहे. आणि घंटेचा हिशेबच असा, की ठणठणीत मुलींपैकीही शंभरात दोघी तिच्याखाली येणारच. वहिनी आणि भाऊ दोघंही ठेंगणे. मुलगी त्या दोघींतली असू शकेल. पण तेही एका मापावरून सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, उंची वाढते का पाहा आणि डॉक्टरांना दाखवा, असं मी सांगितलं.

मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं उंचीच्या रेघेखाली आढळली. अपेक्षा दोघांची, सापडली पस्तीस! इथे आईबापांच्या ठेंगणेपणाची सबब पुरत नाही.

काहीजण म्हणतात, रेघच परकी आहे. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली ती काढली, तेव्हा ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका यांच्याबरोबर दक्षिण दिल्लीतली मुलंही मोजली होती. नीट खाऊनपिऊन असलेली सहाही देशांतली मुलं जवळपास सारखीच वाढली. आपल्या अर्धपोटी मुलांवरून घंटा काढली, तर रेघ खाली सरकेल आणि एकालाही जादा घास न मिळता कुपोषण कागदावरून नाहीसं होईल. मला हे पटत नाही.

उलट बाजूनेही जपावं लागतं. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तक्ते काढले. त्यात पुण्याच्या डॉ. खाडिलकर दांपत्याचा मोठा वाटा. त्यांनी फार लठ्ठ मुलांची मापं आधीच वगळली, नाहीतर लठ्ठपणाच 'सामान्य' ठरला असता.

वजनाची घंटा तर सरळ उभीही नसते, कललेली असते. पाच वर्षांच्या मुलीचा मध्य १८.२ किलो, खालची रेघ १३.७, वरची २४.९. म्हणजे खाली साडेचार किलो, वर पावणेसात. त्यामुळे तिथे नुसतं दोन विचलनं वजा करून भागत नाही. तो कल हिशेबात धरूनच अंगणवाडीतला वजनाचा तक्ता केलेला असतो.