आधी तोंड उघडून बघा

(मुरबाडच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



म्हसा यात्रेतून पुष्कळांनी घोंगड्या आणलेल्या दिसतायत. त्या यात्रेत बैल घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय. आधी तोंड उघडून दात मोजतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवतो, मग कुठे भावासाठी रुमालाखाली हात घालतो. त्याच माणसाच्या पोराचा लॅपटॉप मंद झाला, की तो माझ्या दुकानात येऊन पहिलाच प्रश्न विचारतो, "नवा केवढ्याला पडंल?" घरातल्या जुन्याचं तोंड उघडून बघावं हे त्याच्या डोक्यातच येत नाही. मी आज तेवढंच सांगायला उभा आहे.

हे लॅपटॉप आपल्याकडे आले कसे, ते आठवा. २०२० साली शाळांना कुलपं लागली, वर्ग मोबाइलवर गेले, आणि ज्याला जमलं त्यानं पुढे-मागे मुंबईहून जुना लॅपटॉप आणला. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की लॅमिंग्टन रोड; पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचारलंत तर रस्ता चुकाल. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप एकगठ्ठा काढतात, ते पुसूनबिसून तिथे विकायला येतात. माल वाईट नसतो. उलट कंपनीसाठी बनवलेले लॅपटॉप उघडायला सोपे, अंगानं दणकट, आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. फक्त आपल्यापर्यंत पोचलेले बरेचसे २०१३-१४ सालचे: आत चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क.

ही फिरती डिस्क म्हणजे खरोखर फिरणारी तबकडी आहे, मिनिटाला ५४०० फेरे. ऐकायला वेग मोठा वाटतो. पण हिशेब करा: सेकंदाला नव्वद फेरे, म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय ते टोक त्या जागी सरकायला दहाएक मिलिसेकंद. एका खेपेला पंधरा-सोळा मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर खेपा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक खेपा घालते. प्रोसेसर बिचारा कल्याणच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसल्यासारखा बसून असतो. तुम्ही त्याला मंद म्हणता. या डिस्कच्या जागी बसते त्या एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तिथे अशी खेप मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकते. दहा वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडी बसवून चालू करून दिला, की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "हाच का माझा?"

आता रॅम. हे मी खळ्यावरून सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे कणगी, रॅम म्हणजे खळं. काम सगळं खळ्यावर. खळं लहान असेल तर चार भारे झोडायचे, बाकीचे उचलून परत मागे ठेवायचे, मग ते आणायला पुन्हा जायचं. चार जीबीत ब्राउझरची दहा पानं उघडली की कॉम्प्युटर हेच करतो, आणि मागे ठेवायची जागा त्याच फिरत्या डिस्कवर. म्हणून दोन्ही दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. हातात पैसे थोडे असतील तर आधी एसएसडी, मग रॅम, असं माझं मत. रॅम आठ जीबी झाली की घरातलं काम निभतं. घेताना पट्टीचा प्रकार मात्र बघून घ्या. डीडीआर थ्री आणि डीडीआर फोर यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुमची नाहीच. डीडीआर थ्रीमध्येही एल लिहिलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, साधी १.५ वर. एलवाल्या लॅपटॉपला साधी लावली तर बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो आणि दुकानदाराला शिव्या बसतात. मेमरीचे भाव सध्या चढलेत, कारण कारखाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना लागणारी मेमरी बनवण्यात गुंतलेत. तिकडची ती ओढ अशी मुरबाडच्या बाजारपेठेत येऊन पोचते. म्हणून जुनी चालू पट्टी मिळत असेल तर नाक मुरडू नका.

भाग बदलण्याआधी मात्र झाडू. एका भातगिरणीतला लॅपटॉप माझ्याकडे आला होता. गिरणीवाल्यांची तक्रार अशी, की वीस मिनिटं चालतो आणि आपोआप बंद पडतो, बहुधा व्हायरस असणार. खालचं झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांत आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला जी जाळी असते तिच्यात कोंडा इतका घट्ट बसला होता, की चिमट्यानं ओढल्यावर नमद्याच्या तुकड्यासारखी एक अख्खी पट्टीच बाहेर आली, बोटाएवढी लांब. हवा जायला वाटच नव्हती. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, पंखा ब्रशनं साफ केला. सगळा खर्च चहापाण्याएवढा. गिरणीवाले ती पट्टी कागदात बांधून घरी घेऊन गेले, पोराला दाखवायला.

घरी उघडणार असाल तर रीत सांगतो. चार्जर काढा, बॅटरी काढा किंवा आतली असेल तर तिची पिन सोडवा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू ठेवायला अप्पेपात्र घ्या. हसू नका, याहून चांगलं भांडं मला अजून सापडलेलं नाही: एकेका खळग्यात एकेका बाजूचे स्क्रू. सगळे सारखे दिसतात पण नसतात, आणि आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो मनगट टेकतो तिथून वर डोकं काढतो. झाकण उचकटायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. आणि कीबोर्डची चपटी रिबन ओढू नका, तिची बारीक कडी आधी वर करायची असते. हे मला ठाऊक आहे कारण सुरुवातीच्या दिवसांत एका शिक्षिकाबाईंच्या लॅपटॉपची कडी मी मोडली. नवा कीबोर्ड माझ्या खिशातून घातला आणि महिनाभर त्यांच्या घरावरून जायचं टाळलं.

त्याआधी, सगळ्याच्या आधी, फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला सीडीचा खण असतो. तो काढून त्याच मापाच्या कॅडीत डिस्क बसते आणि साठवणीला राहते.

काही दुखणी तर हास्यास्पद स्वस्त. एका मुलीच्या लॅपटॉपवर प्रत्येक वेबसाइट 'असुरक्षित' म्हणायची. तारीख बघितली तर आठदहा वर्षं मागची. आतला नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. घड्याळ मागे गेलं की वेबसाइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, एवढंच. सेल बदलला. तिच्या मामानं तोवर नवा लॅपटॉप हप्त्यावर ठरवला होता.

बॅटरीबद्दल मात्र गंमत नाही. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट मिटेनासं झालं, तर आत बॅटरी फुगलीय. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू नका, टोचू नका, आणि कचऱ्यात तर अजिबात टाकू नका. आपल्याकडे वीज जाते-येते, पुष्कळ घरांत अर्थिंग नाही, लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात. तो लॅपटॉपचा दोष नाही. वायरमनला बोलवा. आणि पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन् महिने बॅगेत बंद ठेवू नका, आतल्या पिनांना हिरवट गंज चढतो.

आता विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा आधार संपला. विंडोज इलेव्हन अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, म्हणजे आपले २०१३-१४ चे लॅपटॉप बाहेर. एसएसडी बसवा, रॅम बसवा, हा दरवाजा उघडत नाही. टेनला वाढीव सुरक्षा ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, पुढे घरच्या कामाला लिनक्स मिंट चांगलं. फुकट आहे, आणि इनस्क्रिप्टनं मराठी टाइप करणाऱ्याला तर काहीच नवं शिकावं लागत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र आपलं डिजिटल सहीचं डोंगल त्यावर चालतं का हे आधी तपासावं, नाहीतर दाखल्यासाठी आलेली माणसं तुमच्या दारात आणि तुम्ही माझ्या दारात.

आणि कुठे पैसे घालू नयेत तेही ऐका. रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असेल, डिस्कच्या जागी बत्तीस जीबीची चिप पक्की चिकटवलेली असेल, बिजागरी तुटून पडद्याची केबल कापली असेल, तर मी हात जोडतो. दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शावर गेला, तरीही हात जोडतो. म्हातारा बैल आहे म्हणून प्रेम असतं, मान्य. पण नांगराला जुंपायचा असेल तर खूर बघावेच लागतात.

एक बोलतो आणि थांबतो. आपल्याच तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. शेजारच्या शहापुरात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल शाळेचा प्रयोग केला, त्याची चर्चा राज्यभर झाली. यंत्रं येतात तेव्हा फोटो निघतात. तीच यंत्रं चार वर्षांनी कपाटात जातात तेव्हा कुणीच नसतं, आणि त्यांतल्या कित्येकांना एक सेल नाहीतर एक पंखा हवा असतो. तालुक्यात दहा मुलं जरी हे काम शिकली तरी कपाटं उघडतील. शिकवायला मी तयार आहे, रविवारी.

बोलणं पुष्कळ झालं. त्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि आमच्या घरचं अप्पेपात्र ठेवलंय, सौ.नं उद्या सकाळपर्यंत परत मागितलंय. तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी नातवाचा लॅपटॉप आणलाय, मघापासून बघतोय मी. आणा इकडे, आजोबा. चार्जर काढून आणा.