भ्रमणध्वनीच्या वेशीवरील पहारा



पुण्याहून दुबईस गेलेला प्रवासी विमानतळावर भ्रमणध्वनी सुरू करतो आणि थोड्याच वेळात तेथील जाळे त्याला सेवा देऊ लागते. या सोयीला रोमिंग म्हणतात. परक्या जाळ्याला या ग्राहकाची ओळख नसते. म्हणून ते त्याच्या मूळ कंपनीकडे विचारणा करते आणि तिने ओळख पटविल्यावरच सेवा देते.

अशी विचारणा अनेक वर्षे ‘सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७’ या संकेतप्रणालीतून होत आली. तिच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी प्रथम १९८० साली प्रसिद्ध झाल्या. त्या काळी दूरध्वनीसेवा बहुतेक देशांत सरकारी खात्यांकडे किंवा मोजक्या कंपन्यांकडे होती. सारेच परिचित असल्याने विचारणारा खरा की तोतया, हे पडताळण्याची तरतूद तीत ठेवली गेली नाही.

पुढे कंपन्यांची संख्या वाढली आणि हा विश्वास महाग पडू लागला. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बर्ग येथील परिषदेत संशोधकांनी या प्रणालीतून ग्राहकाचा ठावठिकाणा कळतो व संभाषणही ऐकता येते, हे दाखवून दिले. २०१७ साली जर्मनीत चोरट्यांनी खातेदारांचे संकेतशब्द आधी फसवणुकीने मिळविले. मग बँकेचे लघुसंदेश याच मार्गाने आपल्याकडे वळवून त्यांनी खात्यांतील पैसे काढले.

या अनुभवातून पाचव्या पिढीच्या जाळ्यांसाठी २०१८ च्या मानकांत प्रत्येक जाळ्याच्या वेशीवर एक सुरक्षाद्वार नेमण्यात आले. तांत्रिक भाषेत त्याला ‘सेप’ म्हणतात. दोन जाळ्यांची द्वारे प्रथम परस्परांची डिजिटल प्रमाणपत्रे तपासतात. त्यानंतरच संदेशांची देवाणघेवाण होते आणि तीही सांकेतिक रूपात. आलेला संदेश ज्याच्या नावाने आला त्याचाच आहे का व अशी विचारणा करण्याचा त्याला अधिकार आहे का, हे द्वार पाहते. आपल्या जाळ्याची अंतर्गत रचनाही ते बाहेरच्यांस दिसू देत नाही.

तथापि, द्वार एकाच बाजूस असून भागत नाही. ते दोन्हीकडे हवे. शिवाय दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या पिढीचे रोमिंग जुन्याच वाटांनी चालते. तेथे कंपन्यांना संदेश गाळणाऱ्या वेगळ्या यंत्रणा ठेवाव्या लागतात. नवा दरवाजा भक्कम असला, तरी जुन्या खिंडीवरचा पहारा उठविता येत नाही.

शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी जर्मनीतील घटनेचा बोध स्पष्ट आहे. तेथे नुसता लघुसंदेश चोरून पैसे गेले नाहीत. संकेतशब्द आधीच चोरट्यांच्या हाती पडला होता. म्हणून संकेतशब्द कोणासही सांगू नये, न मागता ओटीपी आल्यास बँकेस तत्काळ कळवावे आणि फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी, हे गावोगावी समजावून सांगितले पाहिजे. वेशीवरचा पहारा कंपन्यांनी ठेवावयाचा आहे. घराची कडी मात्र ज्याची त्यानेच लावावयाची आहे.