इंटरनेटची गर्दी आणि घरातले घड्याळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आठवड्यातून लोक इंटरनेटवर केव्हा सर्वांत अधिक असतात, हा विषय वरवर पाहता आपल्या मंडळाचा वाटणार नाही. पण आपल्या सभांच्या सूचना हल्ली व्हॉट्सॲपवरून जातात, विजेचे बिल फोनवरून भरले जाते आणि सरकारी योजनांचे अर्जही तेथेच भरावे लागतात. तेव्हा या गर्दीची वेळ कोणती आणि त्या वेळी आपण कोठे असतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम गर्दीची गोष्ट घेऊ. चाळीत नळाला पाणी आले की सगळ्याच जणी एकदम बादल्या लावतात आणि मग वरच्या मजल्यावर धार बारीक होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. इंटरनेटचेही तसेच आहे. एका वस्तीतली पुष्कळ घरे एकाच वाहिनीवर असतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी कचेऱ्या उघडल्या की कामाची वर्दळ सुरू होते, जेवणाच्या सुट्टीत ती थोडी ओसरते, दुपारी पुन्हा वाढते. पण खरी भरती येते ती रात्री, साधारण आठपासून अकरापर्यंत. माणसे घरी आलेली असतात, हातपाय धुऊन जो तो आपापला पडदा उघडून बसतो, आणि चित्रपट व मालिका यांनाच सर्वांत जास्त वाहतूक लागते. शनिवार-रविवारी कामाची वर्दळ कमी होते, सकाळ उशिरा उजाडते, आणि करमणुकीची गर्दी दिवसभर पसरते. कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे. लोकप्रिय चित्रपटांच्या प्रती गावोगावच्या यंत्रांत आधीच भरून ठेवण्याचे काम नेटफ्लिक्ससारखी कंपनी लोक झोपलेले असताना उरकून घेते.

1987-88 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे आणि रस्ते ओस पडत. ती वेळ दूरदर्शनने ठरवलेली होती. आज तसे कोणी ठरवत नाही. हवे ते, हवे तेव्हा पाहता येते. तरीही सारे जण पुन्हा एकाच वेळी गोळा होतात. याचा अर्थ इतकाच की ही वेळ यंत्राने ठरवलेली नसून कचेरी, शाळा आणि स्वयंपाकघर यांनी ठरवलेली आहे. 4 ऑक्टोबर 2021 रोजी, सोमवारी, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असता व्हॉट्सॲप आणि फेसबुक जगभर बंद पडले, ते सुमारे सहा तास. अमेरिकेत तेव्हा दिवसाचे काम चालू होते. आपल्याकडे मात्र ऐन गप्पांची वेळ होती. घरोघर लोक आपलाच फोन बिघडला असे समजून तो बंद-चालू करीत बसले.

आता प्रश्न असा, की या रात्रीच्या भरतीत घरातली बाई कोठे असते? ती बहुधा ओट्यापाशी असते. सरकारने 2024 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ त्यात जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास! त्यांतले कितीतरी नेमके संध्याकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पडतात. रविवार म्हणावा, तर तो इतरांच्या सुट्टीचा. त्या दिवशी पाहुणे, खास जेवण आणि साठलेले कपडे, सगळे एकदम.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया शंभरात 54 आढळल्या, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या शंभरात 33. पुरुषांत हाच आकडा 57 होता. ज्या भगिनीच्या अर्जावर नवऱ्याचा नंबर आहे, तिचा ओटीपी नवऱ्याच्या खिशात, त्याच्या कामाच्या जागी वाजतो. तो घरी येईपर्यंत तिचा अर्ज खोळंबतो, आणि तो घरी येतो तेव्हा गर्दीची वेळ झालेली असते. दुपारी तिला सवड असते तर फोन नसतो. रात्री फोन असतो तर सवड नसते. मग शेवटची तारीख निघून जाते, आणि लोक म्हणतात, “बायकांना यातले काही कळत नाही.” कळण्याचा यात प्रश्नच कोठे आला?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या सभासद-वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एक रकाना आखावा: फोन हाती कधी असतो? त्यावरून सूचना पाठवण्याची वेळ ठरवावी, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना शेजारणीने तोंडी निरोप द्यावा. रात्री दहाला सूचना टाकून “सर्वांना कळवले आहे” असे कोणी म्हणू नये. दुसरी, अर्ज, बिले, दाखले ही कामे शेवटच्या दिवसावर आणि रात्रीवर ढकलू नयेत. सकाळी लवकर किंवा दुपारी जेवणे आटोपल्यावर ती पुष्कळ सुखाने होतात. आणि जेथे शक्य असेल तेथे सभासदाचा नंबर तिचा स्वतःचाच नोंदवून घ्यावा.

तिसरी सूचना येथे बसलेल्या बंधूंना आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, आठ ते नऊ, ताटे घेणे आणि भांडी आवरणे आपण पत्करा. तेवढ्या तासात घरातली बाई वाचील, लिहील, बहिणीशी बोलेल, नाही तर नुसती स्वस्थ बसेल. तिने काय करावे हे मात्र आपण सांगू नये.

गर्दीच्या वेळी सारे जग एकमेकांशी बोलत असते. त्या बोलण्यात आपल्या भगिनींचा आवाज असावा असे वाटत असेल, तर आधी त्यांच्या हाताला थोडी उसंत मिळाली पाहिजे. वहीतला रकाना या महिन्याच्या सभेतच आखावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.