अडसरांची वाट : धावपटू श्री. अविनाश साबळे
(ज्ञातिसंस्थेच्या कर्जत येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावर दरवर्षी बाहेरचा कोणी विद्वान वक्ता आणावयाचा, हा आपला जुना प्रघात. यंदा कार्यकारी मंडळाने तो मोडून घरच्याच माणसास उभे केले आहे. त्यातून विषय धावण्याचा. आणि आमचे धावणे म्हणाल तर खोपोलीहून कर्जतला येणारी गाडी चुकू नये एवढ्यापुरतेच. तेव्हा श्रोत्यांची निराशा झाल्यास तिचा वाटा मंडळानेही उचलावा. विषय मात्र आम्ही होऊन मागून घेतला आहे. त्याचे कारण ओघाने पुढे येईल.

ज्या शर्यतीविषयी बोलावयाचे तिला मराठीत सर्वमान्य नाव नाही. वृत्तपत्रे 'स्टीपलचेस' असेच छापतात. अडथळ्यांची शर्यत म्हणावे, तर ते नाव आखूड पल्ल्याच्या दुसऱ्याच शर्यतीने आधी घेऊन ठेविले आहे. स्टीपल म्हणजे ख्रिस्ती देवळाचे उंच शिखर. आयर्लंडात घोडेस्वार पैज लावून एका गावच्या देवळाच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखराकडे, वाटेत येतील ती कुंपणे आणि ओढे ओलांडीत दौडत, त्यावरून हे नाव पडले. पुढे घोड्याच्या जागी माणूस आला. ऑलिंपिकमध्ये १९२० पासून पुरुषांसाठी हा पल्ला तीन हजार मीटरांचा ठरला. स्त्रियांना मात्र २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली.

शर्यतीचे स्वरूप असे : मैदानाच्या सुमारे साडेसात फेऱ्या, त्यांत २८ वेळा लाकडी अडसर आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांसाठी अडसराची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. आखूड शर्यतीतला अडथळा पाय लागताच आडवा होतो. हा होत नाही. जाड तुळईचा, जमिनीशी घट्ट बसलेला हा अडसर आहे. त्यास गुडघा लागला तर तुळई जागची हलत नाही, माणूस पडतो. पाण्यापुढच्या अडसरावर एक पाय रोवून पुढे झेप घ्यावयाची. खड्ड्याचा तळ पुढे चढत गेलेला असतो. जो लांब उडी मारील त्यास पाणी कमी, जो दमला असेल त्यास अधिक. शिवाय बूट भिजून जड होतात, ते निराळेच. श्रावणात भाताच्या खाचरांतून बांधामागून बांध आणि मध्येच फुगलेला ओहोळ ओलांडीत ज्यांनी शाळा गाठली आहे, त्या आपल्या वडीलधाऱ्यांस ही शर्यत समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी.

श्री. अविनाश मुकुंद साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. आपल्याकडे चार महिने आभाळ फाटते. आष्टीकडे ते फिरकेल की नाही याची चिंता. घरची शेती बेताची, आईवडिलांनी वीटभट्टीवर मजुरी केलेली. शाळा सहा किलोमीटरांवर आणि वाहनाची सोय नाही, म्हणून मुलगा कधी चालत, कधी धावत जाई. बारावी झाल्यावर ते सैन्यात भरती झाले, तेही घरास आधार व्हावा म्हणून. महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमधून सियाचिनचे बर्फ, राजस्थानची वाळू आणि सिक्कीमचे डोंगर त्यांनी पाहिले. वयाच्या विसाव्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर त्यांचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. २०१५ मध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहाने ते सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत उतरले. तेथून प्रशिक्षक श्री. अमरीश कुमार यांच्या नजरेस पडले आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळले. तेविसावे वर्ष म्हणजे आपल्या घरांतून 'आता पुरे झाले खेळणे' असे बजावण्याचे वय, हे येथे बसलेल्या माता-पित्यांनी ध्यानात घ्यावे.

या शर्यतीतील भारतीय विक्रम १९८१ पासून श्री. गोपाळ सैनी यांच्या नावे होता : ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, टोकियो येथे केलेला. सदतीस वर्षे तो अढळ राहिला. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत अंतर कापून तो मोडला. त्यानंतर त्यांनी जणू स्वतःचाच विक्रम मोडण्याचा नेम धरला. २०२४ पर्यंत राष्ट्रीय विक्रम त्यांनी एकूण दहा वेळा सुधारला आणि तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणून ठेविला. सहा वर्षांत वीस सेकंद. एकदम कोठेही झेप नाही. कधी एक सेकंद, कधी दोन, फार तर चार. ठेवीवरचे व्याज चढावे तशी ही चढण आहे. आमच्या मते त्यांचा मोठेपणा पदकांहूनही या आकड्यांत अधिक दिसतो.

२०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक शर्यतीत पुढचा धावपटू अडखळून पडल्याने त्यांची वाट अडली. भारतीय पथकाने रीतसर हरकत घेतली, ती मान्य झाली आणि त्यांस अंतिम शर्यतीत उतरता आले. तेथे क्रमांक तेरावा. परंतु ८ मिनिटे २१.३७ सेकंदांच्या वेळेने त्यांस टोकियो ऑलिंपिकचे द्वार उघडले. २०२१ मध्ये टोकियोस पुन्हा नवा विक्रम, ८ मिनिटे १८.१२ सेकंद, आणि तरीही अंतिम शर्यतीत जागा नाही.

आता बर्मिंगहॅमविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी असावी. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा वेळा या शर्यतीतील सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके केनियाने नेली होती. दुसऱ्या कोणत्याही देशास एक पदकसुद्धा नाही. केनियाचे तीन धावपटू एकमेकांच्या जोडीने धावतात, गती ते ठरवितात, आणि इतरांनी चौथ्या क्रमांकासाठी झुंजावे असा जणू अलिखित करारच झाला होता. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी, अमेरिकेत यूजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत संथ धावली गेली आणि साबळे अकरावे आले होते. असा माणूस ६ ऑगस्ट २०२२ रोजी केनियाच्या तिघांशी खांद्यास खांदा लावून धावतो, शेवटच्या फेरीत मागे सरत नाही, शेवटचा अडसर ओलांडून बाहेरच्या बाजूने पुढे येतो, हे पाहताना आम्ही खुर्चीवरून केव्हा उठलो ते कळले नाही. अब्राहम किबिवोट यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे यांची ८ मिनिटे ११.२०. अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाचे. रौप्यपदक मिळाले. तिसरे केनियाचेच अमोस सेरेम. त्याच वर्षी साबळे यांस अर्जुन पुरस्कार मिळाला.

येथेच थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. परंतु पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक शर्यतीतच सातवे येऊन बाहेर पडले. सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबर रोजी, चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धा होती. त्या दिवशी त्यांनी कोणाच्या मागे राहावयाचे नाही असे ठरवूनच सुरुवात केलेली दिसली. आरंभापासून आघाडी घेतली, मधले अंतर वाढत गेले, आणि अखेरीस मागे वळून पाहावयास त्यांस सवड मिळाली. वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद, हा आशियाई स्पर्धांतील नवा विक्रम. या शर्यतीत भारतीय पुरुषास मिळालेले हे पहिलेच आशियाई सुवर्ण. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरमध्येही त्यांनी रौप्यपदक मिळविले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम शर्यत गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. त्या शर्यतीत आरंभी ते सर्वांच्या पुढे होते. पुढे मागे पडले आणि ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावे आले. मोरोक्कोचे सुफियान एल बक्काली ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत विजयी झाले. खोटा अभिमान नको म्हणून हेही सांगतो की, इथिओपियाच्या लामेचा गिर्मा यांनी २०२३ मध्ये केलेला जागतिक विक्रम ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा आहे. आपला उत्तमातला उत्तम धावपटू त्यापासून जवळजवळ अठरा सेकंद मागे राहिला. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गुमी येथे साबळे यांनी आशियाई अजिंक्यपद जिंकले. १९८९ मधील श्री. दीना राम यांच्यानंतर हे भारताकडे प्रथमच आले. आणि दोनच महिन्यांत मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडसरापाशी ते पडले. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली.

जिंकण्याइतकाच पडण्याचा हा पाढा आम्ही मुद्दाम वाचून दाखविला. टोकियो, यूजीन, बुडापेस्ट, मोनॅको. यांतील कोणत्याही मुक्कामावर साध्या घरचा मुलगा 'झाले तेवढे पुष्कळ' म्हणून परत फिरला असता. साबळे परतले नाहीत, यात त्यांची जिद्द आहेच. पण महिन्याचा पगार, पोटभर सकस अन्न, प्रशिक्षक आणि वैद्य हे सारे पाठीशी होते, हेही तितकेच खरे. कर्जतच्या माणसास हे निराळे सांगावयास नको. जड गाडी येथे थांबते, तिला मागून बँकर इंजिने जोडतात आणि मगच ती बोरघाट चढते. लोणावळ्यास ती इंजिने सुटतात आणि मुकाट्याने खाली येतात. पुढे पुण्यास गाडी वेळेवर पोहोचली तर त्यांचे नाव कोणी घेत नाही. साबळे यांच्यामागे सैन्य होते. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या श्रीमती ललिता बाबर याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीस पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. त्यांस रेल्वेच्या नोकरीचा आधार होता. पुढे त्या शासकीय सेवेत आल्या आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात माणगाव येथे तहसीलदार म्हणून त्यांनी काम पाहिले. परंतु सैन्य असो की रेल्वे, ती दारे अठराव्या वर्षानंतर उघडतात. बारा ते अठरा या वयात मागून लोटणारे इंजिन कोणते?

आता विषय मागून घेण्याचे कारण. काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थी साहाय्य समितीवर असताना खालापूरकडच्या एका सभासदाच्या मुलाचा अर्ज आला होता. इयत्ता दहावी. तीन हजार मीटरच्या शालेय शर्यतीत तो जिल्ह्यात पहिला आला होता आणि विभागीय स्पर्धेस जाण्याचे गाडीभाडे व एक बुटांची जोडी एवढे त्याने मागितले होते. आपला नियम शैक्षणिक साहाय्याचा. वह्या, पुस्तके आणि फी यांचा. समितीतील एकाने 'मुलगा पायांत वेगवान दिसतो, गणितात दिसत नाही' असा विनोद केला, आणि आम्हीही हसलो. अर्जाच्या समासात 'नियमात बसत नाही' हा शेरा आमच्याच अक्षरातला आहे. मुलगा स्पर्धेस गेला नाही.

गेल्या वर्षी खोपोलीच्या फलाटावर तो भेटला. कारखान्यात पाळीवर कामास जातो, लग्न झाले आहे, सुखात आहे. त्याने वाकून नमस्कार केला आणि आपण होऊन हांगचौच्या शर्यतीचा विषय काढला. साबळे पाण्यात कोणता पाय आधी टाकतात, अडसरावर पाय ठेवतात की वरून जातात, हे सर्व त्याला ठाऊक. अर्जाविषयी तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

दुपारच्या सत्रात साहाय्य निधीच्या नियमांत दुरुस्तीचा ठराव येणार आहे. 'शैक्षणिक' या शब्दापुढे 'व क्रीडाविषयक' एवढेच शब्द घालावयाचे आहेत. खजिनदारांची शंका रास्त आहे. निधी तोच राहून मागणारे वाढतील. त्यावर आमची सूचना अशी की, गुणवंतांस देण्यात येणारी चांदीची पदके दोन वर्षे बंद ठेवून ती रक्कम इकडे वळवावी, आणि साहाय्य एका वर्षाचे नसून तीन वर्षांचे असावे, मधल्या वर्षी मुलगा किंवा मुलगी हरली तरीही. मुलींचे अर्ज आधी घ्यावेत, कारण त्या मागावयासच येत नाहीत. या सूचनेस विरोध होईल हे आम्ही जाणून आहो. पदक घेताना काढलेले छायाचित्र घराघरांत भिंतीवर आहे, आमच्याही घरी आहे.

तो जुना अर्ज कार्यालयाच्या फायलीत अजून होता. आम्ही तो शोधून सोबत आणला आहे. ठराव चर्चेस येताच तो आमच्या शेऱ्यासह चिटणिसांच्या हाती देऊ.